भिडेखातर आलेली गिऱ्हाइके

माया करायला कुणाला शिकवावे लागत नाही. ती भगवंताने प्रत्येकाच्या पदरात बांधूनच दिलेली असते. शिकावे लागते ते मायेचा हात वेळेवर काढून घेणे. आणि हा धडा काही माणसांना केस पिकल्यावर मिळतो, तोही दुसऱ्याच्या नुकसानीतून. ज्या गृहस्थांची ही हकिगत आहे, ते असेच एक. मन लोण्याचे, जीभ मधाची. आणि या दोहोंनी मिळून एका बापलेकीच्या पायाखालची जमीन कशी पोखरली, ते ऐकावे.

शहराच्या कडेला, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या इमारतीत एक केंद्र चालते. पाटीवर ‘नवउद्योग साहाय्य केंद्र’ असे भारदस्त नाव आहे, पण सगळे त्याला ‘उबवणी’ म्हणतात. ज्याच्या डोक्यात कल्पना आहे, पण हाताशी जागा नाही, यंत्र नाही, चार माणसांची ओळख नाही, त्याने इथे यावे. निवड झाली की त्याला एक टेबल मिळते, कुलपाचे कपाट मिळते, मागच्या यंत्रशाळेतले लेथ, ड्रिल नि थ्रीडी प्रिंटर वापरता येतात. करांचे नि नोंदणीचे गुऱ्हाळ समजावून सांगायला आठवड्यातून एकदा एक सल्लागार बाई येतात. दोन वर्षे ऊब घ्यावी, कवच फोडावे, बाहेर पडावे आणि आपले दाणे आपण टिपावेत, हा तिथला नेम.

या केंद्राचे व्यवस्थापक म्हणजे आपले चरित्रनायक. तोंडावर सगळे त्यांना ‘काका’ म्हणत. पाठ वळली की ‘खुडूक’. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी जशी जागची हलत नाही आणि कुणी जवळ आले की पिसे फुलवून अंगावर धावते, तसे हे. कुणाचा वीजजोड अडला, काका धावले. कुणाला परवाना मिळेना, काका कचेरीच्या बाकावर जाऊन बसले. हे टोपणनाव त्यांच्या कानावर आले होते आणि खरे सांगायचे तर त्यांना ते मनातून आवडले होते.

त्यामागे एक जुने दुखणे होते. तरुणपणी त्यांनी स्वतः बिजागऱ्या बनवण्याचा कारखाना काढला होता. माल चोख होता. पण गिऱ्हाईक फिरकले नाही आणि का फिरकले नाही, हेही कुणी सांगितले नाही. उघड्या दाराकडे बघत बसायचे आणि संध्याकाळी तेच दार ओढून घ्यायचे, असे करता करता एक दिवस ते कायमचे ओढले गेले. पुढे सारा जन्म दुसऱ्याच्या कारखान्यात गेला. निवृत्तीनंतर ही जागा मिळाली, तेव्हा त्यांनी मनाशी शपथ घेतली, की माझ्या छपराखालच्या एकाही पोराला रिकाम्या दाराकडे बघत बसावे लागणार नाही.

“अहो,” त्यांची पत्नी म्हणायची, “तुम्ही अंडी उबवताय की उकडताय? इतकी ऊब बरी नव्हे.”

काका हसायचे. हसण्यावारी नेलेले शहाणपण पुढे व्याजासकट परत येते, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते.

उबवणीत एक मुलगी आली. यंत्रांचे शिक्षण घेतलेली, किडकिडीत, बोलायला फटकळ. कुठलाही प्रश्न निघाला की म्हणायची, “यात एक कप्पी बसवली की झालं.” त्यामुळे तिचे नावच कप्पी पडले. तिचा बाप शिंपी. एका अरुंद गल्लीत, मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या शेजारी, त्याचे भिंतीला भिंत लागलेले दुकान. कप्पीची आई बरीच वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिला उचलायचे म्हणजे बाप खांद्याकडून, लेक पायाकडून. आणि लेक घरी नसली तर बाप एकटाच. आई गेली, पण बापाची पाठ वाकली ती वाकलीच. म्हणून कप्पीने एक यंत्र केले. चाकांवरचा खांब, खांबाला हात, हाताला कप्पी, आणि खाली कापडाची झोळी. रुग्णाच्या अंगाखाली झोळी सरकवायची, दांडा फिरवायचा, की एकटे माणूससुद्धा दुसऱ्या माणसाला पलंगावरून अलगद उचलील. मोठ्या इस्पितळांत अशी यंत्रे असतात. पण ती अवजड नि महाग. कप्पीचे यंत्र घडी होऊन दारामागे मावत होते. झोळ्या बाप शिवत होता, दुहेरी टाक्यांच्या, कडेला पट्टी लावून.

यंत्र झाले, पण घेणार कोण? कप्पी दारोदार हिंडली. लोक दार अर्धे उघडत, ‘नको’ म्हणत आणि लावून घेत. एका दुपारी काकांनी तिला टेबलाशी बसलेली पाहिले. ती समोरच्या उघड्या दाराकडे बघत होती.

बस. काकांच्या काळजात ते जुने दार करकरले.

“काय ग कप्पे, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?”

“काका, लोक यंत्राकडे बघतच नाहीत. माझ्याकडे बघतात आणि दार लावतात.”

“वेडी आहेस. लोकांना वस्तूची ओळख नसते, म्हणून माणसाची ओळख लागते. ते माझ्यावर सोड.”

आणि त्यांनी फोन उचलला. त्यांच्या थोरल्या भावाला, दादांना, पक्षाघात झाला होता. पहिला फोन वहिनींना. मग कारखान्याच्या काळातल्या जुन्या भागीदाराला, ज्याची सासू अंथरुणावर होती. मग शाळेतल्या मास्तरांच्या घरी. मग इमारतीतल्या शेजाऱ्यांना, साडूला, साडूच्या व्याह्यांना. “पोरगी गुणाची आहे हो, माझ्या लेकीसारखी. वापरून तर बघा.” यंत्रे घरोघर गेली. महिन्याभराने काका स्वतः विचारायला गेले, आणि जिकडेतिकडे एकच शब्द आला: छान! फार छान! आणखी लागतील, आमच्या ओळखीतही सांगू, आमची मागणी नोंदवून ठेवा.

कप्पी फुलली. तिच्या टेबलाशी बाकीचे घोटाळू लागले. शेजारच्या टेबलावर साबण बनवणारी एक बाई होती, तोंडाची तिखट. ती म्हणाली, “कप्पे, तुझी तर लॉटरी लागली. माझा साबण आमचे हे सुद्धा मी बघत असले तरच वापरतात.” केंद्राच्या समितीने ती कौतुके वाचली, मागण्या वाचल्या आणि ठरवले, की कप्पीला आता मोठी शेड द्यावी, माणसे द्यावीत, तिने बाहेर पडावे.

सज्जनहो, यात खोटे कुणीच बोलले नव्हते, असे काकांना वाटत होते.

एक दिवस काका सहज दादांना भेटायला गेले. न कळवता. दार उघडेच होते. आत वहिनी नि वरच्या मजल्यावरचा एक धिप्पाड तरुण, दोघे मिळून दादांना पलंगावरून खुर्चीत ठेवत होते. वहिनींचा चेहरा लालबुंद; दादांना टेकवताच त्यांनी आपले मनगट दाबून धरले. आणि कोपऱ्यात कप्पीचे यंत्र उभे होते. त्याच्या हातावर ओले टॉवेल वाळत होते, खाली झोळीत बटाटे भरून ठेवले होते.

“अगंबाई, भावोजी!” वहिनींनी आधी टॉवेल ओढले. माणूस चोरी लपवतो तशा घाईने. “फोन तरी करायचा.”

“वहिनी, यंत्र... वापरत नाही तुम्ही?”

“वापरतो की. म्हणजे... परवाच...” वहिनी खाली बसल्या. मग एकदम म्हणाल्या, “नाही वापरत, भावोजी. पहिल्याच दिवशी वापरलं. यांनी डोळे घट्ट मिटून घेतले नि रडले. परत नाही लावलं.”

“का पण?”

उत्तर खुर्चीतून आले. दादांची जीभ जड झाली होती; शब्द एकेक, दगड उचलल्यासारखे येत. “मी... पोतं... नाही.”

वरचा तरुण “येतो मी” म्हणून निघून गेला.

“मग तेव्हा छान का म्हणालात, वहिनी? मी या इथेच बसून विचारलं होतं.”

“तुम्ही विचारलंत म्हणूनच की!” वहिनी काकुळतीने म्हणाल्या. “लेकीसारखी आहे म्हणालात. तुमचा चेहरा असा उजळला होता. त्या चेहऱ्यासमोर नाही कसं म्हणायचं? यांच्या आजारात तुम्ही किती केलंत आमचं. भीड वाटली, भावोजी.”

भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडचे जुने माणूस सांगून गेले आहे. ती बहीण त्या दिवशी काकांच्या शेजारी येऊन बसली आणि उठेना. घरी जाता जाता त्यांनी जुन्या भागीदाराला फोन केला. भागीदार मोठ्याने हसला. “अरे, ते होय? जिन्याखाली आहे. तू पाठवलंस म्हणून ठेवून घेतलं बाबा. तुला नाही म्हणणार कोण?” मास्तरांच्या सुनेने जरा घोळवून सांगितले, पण सांगितले तेच. त्यापुढे कुणाला फोन करण्याचा काकांना धीर झाला नाही. न विचारलेल्या घरांतून तरी आशा शिल्लक राहते, अशी ही पळवाट!

त्यांना उमगले ते असे. कप्पीच्या यंत्राला एकही गिऱ्हाईक मिळाले नव्हते. जी मिळाली ती काकांना मिळाली होती. पोरीला सत्य हवे होते, कडू, खरबरीत, कामाचे. आणि काकांनी तिच्यापुढे साखरेचे पाणी धरले होते. त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात गिऱ्हाईक आले नव्हते, हे खरे. पण खोटे गिऱ्हाईकही आले नव्हते. निदान रिकामे दार तरी प्रामाणिक होते.

आता सांगायला हवे होते. उद्याच. पण उद्याचा परवा झाला. काका सकाळी ठरवून निघत आणि कप्पी धावत येऊन म्हणे, “काका, शेडचं छप्पर बघितलंत? केवढं उंच आहे!” आणि काका तिच्याबरोबर छप्पर बघायला जात. ते मनाची समजूत घालीत, की यंत्र सुधारेल, बाहेर खरी गिऱ्हाइके भेटतील, पोरीचे मन आत्ता कशाला मोडा? परंतु अंतर्यामी बसलेला साक्षी काही झोपत नाही. तो विचारी, मन पोरीचे मोडेल म्हणून गप्प आहेस, की तोंड तुझे काळे होईल म्हणून? काकांना उत्तर ठाऊक होते. ताटात भात तसाच राहू लागला. पत्नीने विचारले, “तब्येत बरी नाही का?” तर म्हणाले, “उन्हाचं होतंय.” बाहेर तर ढगाळ होते.

अशातच शिंप्याचा निरोप आला: दुकानावर येऊन जा.

दुकान ते केवढे! एक शिलाई मशीन, एक कापायचे टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदी नमुने, आणि एक उंच स्टूल. पण या एवढ्याशा जागेत शिंप्याची हयात गेली होती. गल्लीतल्या बहुतेकांचा शाळेचा पहिला गणवेश इथे शिवला गेला होता. काका आत शिरताच शिंप्याने टेप गळ्यातून काढली.

“या साहेब. असे सरळ उभे राहा. हात जरा लांब.”

“हे कशाला?”

“कोट. आमच्याकडून. नको म्हणायचं नाही.” शिंपी त्यांच्या पाठीमागे गेला. “दुकान सोडतोय मी. महिनाअखेरीला शेजाऱ्याच्या ताब्यात द्यायचं, शब्द दिलाय. त्याला केव्हापासून जागा वाढवायची होती. म्हटलं, पोरीच्या शेडमध्ये नुसत्या झोळ्याच शिवायच्या आता. तर इथला शेवटचा कपडा तुमचा.”

काकांच्या खांद्यांवरून ती टेप फिरत होती आणि त्यांना वाटत होते, की हे माप कोटाचे नव्हे.

“दुकान... सोडू नका घाईनं,” ते कसेबसे म्हणाले. “थोडं थांबलात तर...”

“श्वास सोडा, साहेब. पोट आत ओढून शिंप्याला फसवता येत नाही. भले भले येतात इथे छाती काढून. कोट तयार झाला की बटण लागत नाही, मग शिंप्याच्या नावानं ओरडतात.” शिंपी आपल्याच विनोदावर हसला. मग टेप धरूनच थांबला. “घाई कसली? बायको होती तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. आता माझ्या पोरीनं केलेल्या वस्तूनं दुसऱ्याच्या घरातली पाठ वाचतेय. तुम्ही स्वतः ऐकून आलात ना त्या लोकांकडून? मग आणखी काय पाहिजे मला?”

हीच ती वेळ होती. काकांनी तोंड उघडले. “मला तुम्हाला एक सांगायचंय...”

इतक्यात मोबाइलवाला शेजारी डोकावला. “रागावू नका हं, जरा ही भिंत बघू का? फळ्या किती बसतील ते बघायचंय.” आणि शिंपी आनंदाने त्याला भिंत दाखवू लागला, इथे ओल येत नाही, इथे खिळा चांगला बसतो. काका आपल्या मापासकट बाहेर पडले. त्यांना कुणी अडवले नव्हते. शेजारी निघून जाईपर्यंत थांबता आले असते. ते थांबले नाहीत.

उबवणीत एक रिवाज होता, आणि तो काकांनीच घातलेला. शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी लांब टेबलाभोवती बसायचे आणि त्या आठवड्यातली आपली चूक ज्याने त्याने सांगायची. अटी दोन. दोष नशिबावर, बाजारावर, पावसावर ढकलायचा नाही. आपल्या नावावर घ्यायचा. आणि बोलणाऱ्याचे पुरे होईपर्यंत कुणी ‘असू दे, होतं असं’ म्हणून सांत्वन करायचे नाही. काका टेबलाच्या टोकाला बसत आणि सगळ्यांचे ऐकत. स्वतः कधी बोलले नव्हते. व्यवस्थापकाला कसली चूक?

त्या शुक्रवारी कप्पीचा निरोप होता, म्हणून तिचा बापही आला होता. स्वच्छ इस्त्रीच्या सदऱ्यात, भिंतीशी खुर्ची ओढून. साबणवाल्या बाईने आधी सांगितले, “मी या आठवड्यात सुगंध जास्त घातला. गिऱ्हाईक म्हणालं, हात धुतल्यावर लग्नाला निघाल्यासारखं वाटतं.” हशा पिकला. दुसऱ्या एकाने सांगितले. मग कप्पीची पाळी आली. ती म्हणाली, “या वेळी माझी चूकच सापडेना,” आणि लाजली.

काका उभे राहिले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मला सांगू द्या. मधे थांबवू नका.”

आणि त्यांनी सांगितले. वहिनींच्या कोपऱ्यातले टॉवेल, जिन्याखालचे यंत्र, दादांचे ते तीन शब्द, सगळे. कुणी सांत्वन केले नाही. नियमच तसा होता, आणि तो नियम किती क्रूर आहे हे तो घालणाऱ्याला आज पहिल्यांदा कळले.

“म्हणजे एवढ्या घरांतून एकालाही...” कप्पीने विचारले.

“ते मला माहीत नाही. काही घरी विचारलं. पुढच्यांना विचारायची हिंमत झाली नाही.”

“तुम्हाला कधी कळलं हे?”

“महिना होत आला.”

“बाबांनी दुकानाचा शब्द दिला तेव्हा?”

“माहीत होतं.”

“कोटाचं माप दिलंत तेव्हा?”

“तेव्हाही.”

“काका,” ती हळूच म्हणाली, “जी दारं लावून घेत होती ना, ती माणसं बरी होती हो.” आणि उठून यंत्रशाळेकडे निघून गेली. बाप तिच्या मागे गेला. जाताना त्याने खुर्ची पुन्हा जागेवर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शिंप्याच्या दुकानी गेले. शिंपी मशीनवर होता. ‘या’ म्हणाला, पण स्टूल पुढे केले नाही.

“शब्द मागे घेतला मी,” मशीन न थांबवता तो म्हणाला. “शेजारी काही बोलला नाही. फळ्या कापून आणल्या होत्या त्यानं. उचलून परत घेऊन गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. या गल्लीत आजवर माझा शब्द फिरला नव्हता, साहेब.”

“मला माफ करा.”

“तुमच्यावर राग धरून काय करू? वाईट कुठं होतात तुम्ही.” त्याने धागा दातांनी तोडला. “पण पोरीचं बघा. काल रात्री जेवताना म्हटलं तिला, की झोळी तरी चांगली शिवलीय ग. तर माझ्याकडे अशी बघायला लागली, की बाबा खरं बोलतोय की गोड बोलतोय. माझ्याकडे, साहेब. बापाकडे.”

काकांना यापेक्षा मोठी शिक्षा कुठलेही न्यायालय देऊ शकले नसते. गल्लीतून परतताना शेजाऱ्याच्या दारात उभ्या केलेल्या त्या नव्या कोऱ्या फळ्या त्यांनी पाहिल्या आणि डोळे दुसरीकडे वळवले.

समितीने शेड थांबवली. व्यवस्थापकांना सौम्य समज दिली. इतकी सौम्य, की ती त्यांना टोचली. कप्पीचे टेबल राहिले. ती रोज येई, काम करी, जाई. आता ती त्यांना ‘सर’ म्हणू लागली होती. एकदाच त्यांच्या खोलीत आली.

“ज्या घरी तुम्ही यंत्रं दिलीत, तिथे मी जाणार आहे. सगळ्या घरी.”

“चल, मी येतो. नाही तर फोन करून...”

“सर.” तिने हात वर केला. “तुम्ही येऊ नका. फोनही करू नका. तुम्ही काहीच करू नका.”

खुडूक कोंबडीला अंड्यांवरून उठवणे सोपे नाही. आयुष्यभर धावण्याची सवय लागलेल्या माणसाला खुर्चीत बसून राहणे हेच तप झाले. दर दुपारी त्यांचा हात फोनकडे जाई आणि ते तो दुसऱ्या हाताने दाबून धरीत. आणि पोरगी एकटी घरोघर जाऊन शिव्या, तक्रारी, वैताग, सारे पदरात घेत होती. लोकांना आता भीड उरली नव्हती. कुणी म्हणाले दांडा जड आहे. कुणी म्हणाले झोळी टोचते. भागीदाराच्या सासूबाईंनी तर सांगितले, “ते भूत घरातून घेऊन जा आधी.” वहिनींकडे ती पुन्हा पुन्हा गेली, काय बोलणे झाले, ते वहिनींनी काकांना सांगितले नाही आणि काकांनी विचारले नाही.

एका दुपारी यंत्रशाळेतून बोलावणे आले. कप्पी यंत्राशी उभी होती, बाप जवळ झोळी घेऊन. साबणवाली बाई नि आणखी दोघे-चौघे जेवणाचे डबे उघडून बसले होते.

“सर, एक विचारायचं होतं. एवढ्या लोकांना तुम्ही हे चांगलं आहे म्हणून सांगितलंत. तुम्ही स्वतः कधी निजलात यात?”

काका नव्हते निजले. एकदाही नाही. हात लावून, दांडा फिरवून, वाहवा करून झाली होती. अंग त्यात कधी घातले नव्हते.

“मग निजा.”

ते बाकावर आडवे झाले. शिंप्याने त्यांना एका कुशीवर केले, झोळी सरकवली, दुसऱ्या कुशीवर केले, ओढून घेतली. त्याच्या हातांत ना राग होता ना माया. कापड हाताळताना असतात तसे ते हात होते. कप्पी मागे गेली. दांडा फिरू लागला. यंत्राची कप्पी करकरली, दोर ताणले आणि काकांची पाठ बाकावरून सुटली.

पाय लोंबकळले. डोके मागे पडले. वर नुसते पत्र्याचे छत, एक ट्यूबलाइट, एक जळमट. सदरा वर सरकून पोट उघडे पडले. तो खाली ओढावा म्हणून त्यांनी हात हलवला, तर हात झोळीत अडकलेले. कुणाचा तरी डबा वाजला. मागून कप्पीचा आवाज आला, “काय वाटतं?”

“छा—” ते म्हणाले आणि थांबले. एवढी जुनी सवय!

“काय?”

“लाज वाटते,” काका म्हणाले.

“कशाची? नीट सांगा.”

“पोट उघडं पडलंय. सगळे बघतायत असं वाटतं. हात आत अडकलेत, मला काही करता येत नाही. आणि तू दिसत नाहीस. उचलणारं माणूस दिसतच नाही यातून. फक्त छत दिसतं. वाटतं, कुणीतरी आपल्याला कुठेतरी नेऊन टाकणार आहे.”

शिंपी न राहवून पुढे झाला, सदरा खाली ओढायला. कप्पीने त्याला अडवले. “राहू दे, बाबा. वहिनींकडच्या दादांनाही असंच वाटलं होतं. ते बोलू शकले नाहीत एवढं.”

मग ती मागून फिरून पुढे आली. त्या शुक्रवारनंतर प्रथमच तिने काकांच्या तोंडाकडे रोखून पाहिले. वाकून, जवळून, आजाऱ्याकडे बघावे तसे नव्हे, तर बिघडलेल्या सांध्याकडे कारागीर बघतो तसे. काकांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. तिने ते पाहिले. ती पुसायला गेली नाही. त्यांनी क्षमा मागितली नाही. मागण्याची ती जागा नव्हती, आणि लटकणाऱ्या माणसाने मागितलेली क्षमा म्हणजे पुन्हा एक भीडच.

“मान कुठे दुखते?” तिने विचारले.

“इथे. डावीकडे जास्त.”

“दोर समोरून घेतला आणि मी इथे उभी राहिले तर?”

“तर निदान तू दिसशील.”

ती जरा वेळ तिथेच उभी राहिली, दोराकडे, खांबाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे बघत. ‘काका’ म्हणाली नाही. ‘सर’ही म्हणाली नाही.

“उतरवू नकोस इतक्यात, बाबा,” ती म्हणाली, आणि काकांच्या बाजूला वळली. “आणखी सांगा.”

आणि काका सांगू लागले.